पेठेचा संघ आणि महाविद्यालयाचा संघ : कोल्हापूरच्या फुटबॉल प्रेक्षकपरंपरेचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

परभणी जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालयांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा सामना सुरू असताना मैदानावरील उपस्थितांची मोजदाद करू गेल्यास ती फार लांबत नाही. दोन्ही संघांतील खेळाडू, राखीव खेळाडू, शारीरिक शिक्षण संचालक, पंच, पाण्याची व्यवस्था पाहणारा सेवक आणि तासिका नसल्यामुळे झाडाखाली येऊन बसलेले पाच-दहा विद्यार्थी, एवढाच तो समुदाय असतो. सामना जिंकला तर दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर अभिनंदनाचा कागद लागतो, वार्षिकांकात संघाचे छायाचित्र छापले जाते. हरला तर त्याची वार्ता ग्रंथालयापर्यंतही पोहोचत नाही. खेळ आहे, खेळाडू आहेत, अनेक ठिकाणी मैदानही आहे. नाही तो प्रेक्षक.

ह्या उणिवेची कारणे सांगताना क्रिकेटचे वर्चस्व, दूरदर्शनचा व नंतर मोबाइलचा प्रभाव, अपुऱ्या सुविधा अशी यादी दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. क्रिकेट आणि दूरदर्शन कोल्हापुरातही आहेत. तरीही तेथे कामाच्या दिवशी दुपारी चार वाजता दोन स्थानिक संघांचा फुटबॉल सामना असला की राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरून जातात. ह्या संघांत राष्ट्रीय कीर्तीचा खेळाडू असेलच असे नाही. मग ही गर्दी कोणाची, कोणासाठी आणि केव्हापासूनची, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या फुटबॉल प्रेक्षकपरंपरेचा विचार करावयाचा असून, ही निष्ठा महाविद्यालयाकडे न जाता पेठेतील तालमीकडे का गेली, हा त्यातील मध्यवर्ती मुद्दा आहे. त्यासाठी प्रथम अशा एका देशाकडे पाहणे सोयीचे ठरेल, की जेथे ती नेमकी महाविद्यालयाकडे गेली.

अमेरिकेतील महाविद्यालयाचा प्रेक्षक

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या महाविद्यालयांच्या संघांत झालेला सामना हा अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रारंभ मानला जातो. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. हा खेळ आजच्या अमेरिकन फुटबॉलपेक्षा इंग्लंडात १८६३ मध्ये नियमबद्ध झालेल्या असोसिएशन फुटबॉलला अधिक जवळचा होता. पुढे १८७४ मध्ये हार्वर्डने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाशी खेळताना रग्बीची पद्धत अनुभवली आणि तेथून अमेरिकन खेळाची वाट निराळी झाली.

येथे महत्त्वाचे आहे ते मैदान. हार्वर्डचे स्टेडियम १९०३ मध्ये उभे राहिले. पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटची एवढी मोठी क्रीडावास्तू त्या काळी नवलाची होती. तिच्या खर्चासाठी एक लाख डॉलरची देणगी दिली ती १८७९ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तुकडीने. म्हणजे ज्यांना महाविद्यालय सोडून चोवीस वर्षे झाली होती, त्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या खेळासाठी घर बांधून दिले. पुढे ह्या वास्तूने खेळाचे नियमही वळवले. १९०५ च्या हंगामात मैदानावर झालेल्या मृत्यूंमुळे देशभर खळबळ उडाली आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. खेळाडूंची एकमेकांवर होणारी धडक कमी व्हावी म्हणून मैदान रुंद करण्याची सूचना पुढे आली. परंतु हार्वर्डचे नवे स्टेडियम रुंद करणे शक्य नव्हते. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मुभा देण्यात आली, त्यामागील कारणांत ह्या अडचणीचाही उल्लेख केला जातो. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या भिंतींनी खेळाडूंचा खेळ बदलावा, ही घटना क्रीडेतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

येलचे स्टेडियम १९१४ मध्ये, तर मिशिगन विद्यापीठाचे १९२७ मध्ये खुले झाले. मिशिगनच्या स्टेडियमची आजची क्षमता एक लाख सात हजारांहून अधिक आहे. ते ज्या अॅन आर्बर नगरात आहे, त्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे एक लाख चोवीस हजार. अवघे गाव मैदानात मावावे, असा हा हिशेब. ह्यामागे एक साधी सामाजिक वस्तुस्थिती आहे. यातील बरीचशी नगरे महाविद्यालयाभोवती वाढली. विद्यार्थी घर सोडून तेथे राहिला. पदवीचे वर्ष ही त्याची आयुष्यभराची ओळख झाली, आणि दर शरद ऋतूत सामन्याच्या निमित्ताने तो परत येत राहिला. व्यावसायिक संघांची राष्ट्रीय संघटना १९२० मध्ये स्थापन झाली, तोवर महाविद्यालयांच्या संघांनी पन्नास वर्षांची आघाडी घेतलेली होती. महाविद्यालय तेथे केवळ शिक्षणसंस्था राहिले नाही, ते एक प्रकारचे कुलदैवत झाले. त्याच्या यात्रेला न जाणारा माजी विद्यार्थी अपवादच.

भारतात फुटबॉल आला तोही विद्यार्थ्यांच्या पायांनी. कोलकात्यात नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी हे शाळकरी वयात ह्या खेळाकडे वळले आणि पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजच्या परिसरात त्यांनी तो रुजविला, हे सर्वश्रुत आहे. तथापि कोलकात्याचा प्रेक्षक प्रेसिडेन्सी कॉलेजचा झाला नाही. तो मोहन बागानचा झाला, मोहमेडन स्पोर्टिंगचा झाला, आणि १९२० नंतर ईस्ट बंगालचा झाला. वस्ती, धर्म आणि मूळ गाव ह्या ओळखी महाविद्यालयाच्या ओळखीपेक्षा बळकट ठरल्या. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा तर एका मंडळाचा विजय राष्ट्राचा विजय ठरला. कोल्हापूरचे उदाहरण ह्याच जातीचे आहे, परंतु त्याची घडण स्वतंत्र आहे.

कोल्हापूर : तलाव, मैदान आणि तालीम

कोल्हापूरच्या मैदानांचा इतिहास पाण्यापासून सुरू होतो. जुने कोल्हापूर तळ्यांचे गाव होते. रंकाळा आजही आहे. परंतु नगराच्या पोटातील अनेक तळी कालांतराने बुजविण्यात आली. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई आली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी आज शाहू स्टेडियम आहे. दाट वस्तीच्या पेठांना लागून, पायी पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर एवढी मोकळी जागा मिळणे हे कोणत्याही जुन्या नगरात दुर्मीळ असते. मुंबईत मैदान गाठण्यासाठी आगगाडीत बसावे लागते. कोल्हापुरात जेवण आटोपून, पायांत चपला सरकवून सामन्याला जाता येते. प्रेक्षकपरंपरेच्या मुळाशी ही भूगोलाची कृपा आहे, हे विसरता येत नाही. पाणी मात्र आपली जागा विसरत नाही. पावसाळ्यात गांधी मैदानावर तळे साचते तेव्हा वरुणतीर्थाची आठवण आपोआप जागी होते.

दुसरी गोष्ट राजाश्रयाची. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते युरोपात गेले असता रोम येथील प्राचीन रंगभूमी त्यांच्या पाहण्यात आली, आणि त्याच धर्तीवर त्यांनी खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवार चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. कोठेही बसले तरी कुस्ती दिसावी, हा त्यातील विचार. राजा, सरदार आणि शेतकरी एकाच वर्तुळात बसून एकाच मातीकडे पाहू लागले. ज्या राजाने २६ जुलै १९०२ च्या आदेशाने नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, त्यानेच प्रेक्षकांसाठीही वास्तू बांधली. ह्या दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह आवरता घेतला तरी एवढे नोंदवावेच लागते, की कोल्हापूरच्या सामान्य माणसाला पायरीवर बसून खेळ पाहण्याची आणि त्यावर अधिकारवाणीने बोलण्याची सवय फुटबॉलने लावलेली नाही. ती खासबागेने लावली.

फुटबॉल आला तो राजघराण्याच्या आश्रयाने आणि इंग्रजी शिक्षणाच्या वातावरणातून. संस्थानी काळाच्या अखेरीस कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि स्पर्धांना नियमित रूप आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. अन्य अनेक संस्थानांत राजाश्रय संपताच त्यावर जगणारे खेळ व कला कोमेजल्या. कोल्हापुरात फुटबॉल वाढला. असे का घडले, ह्याचे उत्तर तालमीत सापडते.

तालीम ही मूळची कुस्तीची शाळा. हौदा, लाल माती, मारुतीची मूर्ती आणि वस्ताद ही तिची चार अंगे. प्रत्येक पेठेत, किंबहुना प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी अशी तालीम होती. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ह्या तालमी कुस्तीच्याच राहिल्या व त्यांनी देशाला नामांकित मल्ल दिले. परंतु अनेक तालमींत कालांतराने माती मागे पडली आणि चेंडू पुढे आला. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे वाचली तरी हा इतिहास उलगडतो : पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. ह्यांतील एकही नाव फुटबॉलचे नाही. इंग्लंडात गिरण्यांनी व चर्चने संघ काढले, कोलकात्यात भद्र लोकांच्या बागबंगल्यांतून क्लब निघाले. कोल्हापुरात आखाड्यानेच विलायती खेळ दत्तक घेतला आणि त्याला आपले आडनाव दिले. ह्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ ह्यांसारखी मंडळे, प्रॅक्टिस क्लब आणि फुलेवाडीसारखे उपनगरांतील संघ आले. वरिष्ठ गटात आज सोळा संघ खेळतात. एका मध्यम आकाराच्या नगरात, बहुतांशी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असलेले सोळा संघ!

तालमीचे काम सामन्याबरोबर संपत नाही, ही ह्यातील कळीची बाब होय. गणेशोत्सव तालमीचा. शिवजयंती तालमीची. मोहरमात पंजे बसतात तेही तालमीत, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरे मोठ्या संख्येने असतात. २०१८ ते २०२० ह्या काळात मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा एकाच छताखाली गणपती आणि पंजे बसल्याचे दृश्य कोल्हापुरात कोणालाही अपूर्व वाटले नाही. १९८० च्या दशकातही असा योग आला होता. पेठेत मयत झाली तर धावून जाणारे तालमीचेच, पुराच्या पाण्यात होडी घेऊन जाणारे तालमीचेच, निवडणुकीत उमेदवाराला आधी पायरी चढावी लागते तीही तालमीचीच. अशा संस्थेचा संघ जेव्हा मैदानात उतरतो, तेव्हा पायरीवर बसलेला माणूस करमणुकीसाठी आलेला नसतो. त्याच्या घरचे कार्य असते.

ह्या जागी मुंबईच्या चौरंगी व पुढे पंचरंगी क्रिकेट सामन्यांशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे संघ धर्मांचे होते : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि १९३७ पासून 'इतर'. त्या सामन्यांना लोटणारी गर्दी अफाट होती. परंतु ओळखीची वाटणी धर्माने झाल्यामुळे १९४० मध्ये महात्मा गांधींनी त्यांच्याविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ नंतर ते सामने झाले नाहीत. कोल्हापुरात वाटणी पेठेने झाली. पेठेत सर्व जातींची व धर्मांची घरे असतात, म्हणून संघातही ती असतात. ही व्यवस्था कोणी तत्त्वज्ञान म्हणून आखलेली नव्हती. ती वस्तीच्या रचनेतून आली, आणि कदाचित म्हणूनच टिकली. अर्थात तिला आदर्श ठरविण्याचे कारण नाही. तालीम ही पुरुषांची संस्था आहे. स्टेडियमच्या पायऱ्यांवर स्त्रिया दीर्घकाळ जवळजवळ दिसत नव्हत्या. अलीकडे एफसी कोल्हापूर सिटी ह्या महिला संघाने इंडियन विमेन्स लीगमध्ये भाग घेतला, त्यामुळे चित्र काहीसे हलले आहे. तथापि मुलींच्या खेळाला पेठेने आपले मानले आहे काय, ह्याचे उत्तर पायऱ्यांनी अद्याप दिलेले नाही.

ईर्षा

प्रमाण मराठीत 'ईर्षा' हा शब्द मत्सराच्या अर्थाने वापरला जातो. कोल्हापुरात तो गुणवाचक आहे. एखादा खेळाडू ईर्षेने खेळला, म्हणजे जिवाची बाजी लावून खेळला. शब्दाच्या ह्या अर्थांतराकडे भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे. क्रीडेतिहासाच्या दृष्टीने तर तो शब्द म्हणजे त्या प्रेक्षकाची गुरुकिल्ली आहे. सामन्याच्या दिवशी दोन्ही बाजूंचे समर्थक ठरलेल्या ठिकाणी बसतात, झेंडे येतात, वाद्ये येतात. पंचाच्या प्रत्येक शिट्टीवर दोन मते असतात. म्हातारा प्रेक्षक आपल्या काळचा गोल सांगतो आणि शेजारचा तरुण ते निमूटपणे ऐकून घेतो, कारण तो गोल बहुधा त्याच्याच चुलत्याने किंवा आजोबांनी मारलेला असतो. एका पेठेचा खेळाडू पुढील हंगामात दुसऱ्या पेठेकडून खेळू लागला, तर त्याची चर्चा चहाच्या गाड्यांवर आठवडाभर पुरते. गेल्या काही वर्षांत संघांनी नायजेरियातील खेळाडूही आणले; परक्या देशाचा खेळाडू चालतो, शेजारच्या पेठेचा मात्र सलतो, ही ईर्षेची तऱ्हा मोठी मनोज्ञ आहे.

विश्वचषकाच्या काळात हीच वाटणी जगाच्या नकाशावर उमटते. गल्ल्यांत ब्राझील व अर्जेंटिनाचे झेंडे आणि खेळाडूंचे भव्य फलक लागतात. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या रात्री कोल्हापूरचे रस्ते जागे होते. बाहेरच्यांना हे अनुकरण वाटते. वास्तविक मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ ह्यांच्यातील जुन्याच स्पर्धेला मिळालेली ती नवी नावे आहेत.

ईर्षेची दुसरी बाजूही स्पष्टपणे मांडली पाहिजे. मैदानात दगडफेक झाली आहे, समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत, पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या आहेत, स्पर्धा मध्येच थांबवाव्या लागल्या आहेत आणि संघांवर कारवाईही झाली आहे. स्पर्धांना राजकीय नेत्यांची नावे आणि पैसा मिळू लागल्यापासून बक्षिसांच्या रकमा वाढल्या, तसा ताणही वाढला. ह्या प्रकारांना 'मूठभर हुल्लडबाजांचे कृत्य' म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी इतिहासाला धरून नाही. जी निष्ठा पायऱ्या भरते, तीच निष्ठा दगड उचलते. दोहोंचे मूळ एक आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्यांच्या सामन्यात सोळा प्रेक्षकांचा बळी गेला, तेव्हाही मरणारे व मारणारे बाहेरून आलेले नव्हते. प्रेक्षक हवा असे म्हणणाऱ्याने कोणता प्रेक्षक पत्करावयाचा आणि त्याची किंमत कोणी मोजावयाची, ह्याचाही विचार केलेला असावा.

राजाराम कॉलेज आणि खाशाबा

आता महाविद्यालयाकडे वळू. कोल्हापुरात महाविद्यालय नव्हते असे नाही. राजाराम कॉलेज हे एकोणिसाव्या शतकातील, महाराष्ट्रातील जुन्या महाविद्यालयांपैकी एक. त्याचे माजी विद्यार्थी स्वतःस आजही अभिमानाने 'राजारामियन' म्हणवून घेतात. म्हणजे अमेरिकन महाविद्यालयाप्रमाणे आयुष्यभराची ओळख देण्याचे सामर्थ्य ह्या संस्थेत होते. क्रीडेविषयीची आस्थाही होती. खाशाबा जाधव हे ह्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे राहीनात, तेव्हा प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. प्राचार्याने विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर गहाण टाकावे, ह्याहून मोठी महाविद्यालयीन क्रीडानिष्ठा कोणत्या देशात दाखविता येईल? खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण त्यांच्या स्वागताचे दृश्य पाहावे. कऱ्हाड स्थानकावर त्यांना घेण्यासाठी १५१ बैलगाड्या आल्या. गाड्या गावाच्या होत्या, गोळेश्वरच्या, पंचक्रोशीच्या. आणि कर्ज फेडण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरविले, तेव्हा तिकीट काढून आला तो तालमींचा प्रेक्षक. पैसा महाविद्यालयाने उभा केला, फेडला तो आखाड्याने. ह्या एका प्रसंगात संपूर्ण विषय सामावलेला आहे. महाविद्यालयाने खेळाडूस बळ दिले, मात्र त्याला टाळी देणारा समाज महाविद्यालयाचा नव्हता.

फुटबॉलमध्येही हेच घडत आले. तोच मुलगा सकाळी महाविद्यालयाच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन सामना खेळतो आणि चार दिवसांनी तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर उतरतो. पाय तेच, कौशल्य तेच. पहिल्या सामन्याला कोणी नसते, दुसऱ्याला हजारो असतात. महाविद्यालयाशी त्याचे नाते तीन वर्षांचे व हजेरीपटाचे. पेठेशी असलेले नाते जन्माचे. त्यातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची रचनाही प्रेक्षकाला सामावून घेणारी नाही. एखाद्या महाविद्यालयात दोन-तीन दिवसांत विभागीय स्पर्धा उरकतात, बाद पद्धतीमुळे निम्मे संघ पहिल्याच दिवशी परत जातात, आणि विद्यापीठाचा संघ निवडला की सर्वांचे लक्ष पुढील स्पर्धेकडे लागते. तेथे खेळाडूची निवड होते आणि त्याला प्रमाणपत्र मिळते, म्हणजे स्पर्धेचा हेतू साध्य होतो. सामना कोणी पाहावा अशी अपेक्षाच त्या रचनेत नाही. घरच्या मैदानावर दरवर्षी ठरलेल्या तिथीला ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी होणारा सामना आपल्या महाविद्यालयांना ठाऊक नाही. हार्वर्ड-येल सामन्याचे बळ खेळाच्या दर्जात जितके आहे, त्याहून अधिक त्या तिथीत आहे.

हैदराबाद संस्थान आणि परभणी

कोल्हापुरात राजाश्रय होता म्हणून फुटबॉल रुजला, असा युक्तिवाद केला जातो. तो तपासण्यासाठी परभणी जिल्ह्याइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात येईपर्यंत तो हैदराबाद राज्यातच राहिला. हैदराबाद तर भारतीय फुटबॉलची राजधानीच म्हणावी असे नगर होते. हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. त्या संघाचे आणि पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकले. ही पाच रोव्हर्स विजेतेपदे मिळत होती, तेव्हा परभणी हा हैदराबाद राज्याचाच जिल्हा होता. मनमाड-काचीगुडा मार्गावरील गाडी परभणीहून थेट हैदराबादेस जात होती आणि उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील मुले तिनेच तेथे जात.

तरीही गाडीतून पुस्तके आली, उर्दू शायरी आली, स्वातंत्र्याचे विचार आले. फुटबॉलचा प्रेक्षक आला नाही. कारण तो खेळ हैदराबादेत पोलीसदलाचा, महाविद्यालयांचा आणि राजधानीतील क्लबांचा होता. जिल्ह्याच्या गावी त्याला दत्तक घेईल अशी संस्था नव्हती. परभणीसारख्या ठिकाणी उच्च शिक्षणाच्या संस्था प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळात आल्या, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. तोवर हैदराबादशी असलेला धागा तुटलेला होता. मराठवाड्यात खेळाची परंपरा जेथे टिकली तेथे तिच्यामागे स्थानिक श्रद्धास्थान उभे असल्याचे दिसते. नांदेड येथे गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने भरणारी हॉकी स्पर्धा हे त्याचे ठळक उदाहरण. राजाश्रय दोन्हीकडे होता, फरक तालमीचा होता.

शासकीय प्रयत्नांचा अनुभवही निराळा नाही. भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या पार्श्वभूमीवर १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम महाराष्ट्र शासनाने योजिला. शाळांना चेंडू मिळाले, परभणी जिल्ह्यातील मुलेही त्या दिवशी खेळली. त्या विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. त्याची जडणघडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, परंतु सामन्याच्या वेळी दूरचित्रवाणीसमोर दाटीवाटीने बसलेल्या कोल्हापूरकरांना त्याबद्दल शंका नव्हती; तो त्यांचा होता. मराठवाड्यात चेंडू पोहोचला खरा. तो कोणाचा, हे ठरायचे राहिले.

परभणीत प्रेक्षक नाही असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक ह्यांच्या उरुसाला लाखोंचा समुदाय लोटतो, त्यात सर्व धर्मांचे लोक असतात. जिल्ह्यातील गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड लागतात. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते, इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटच्या कुस्तीपर्यंत लोक उन्हात, उभ्याने, बैलगाडीच्या जुवावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून राहतात. पहिलवान कोणत्या गावचा, त्याचा वस्ताद कोण, मागील साली त्याने कोणाला चितपट केले, हे तेथील शेतकऱ्याला तोंडपाठ असते. त्याच पहिलवानांपैकी कोणी एखाद्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असतो. फडात त्याच्या नावाची हलगी वाजते, डोक्यावर फेटा चढतो. पंधरा दिवसांनी तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गादीवर उतरतो, तेव्हा गुणफलकावर त्याच्या नावापुढे महाविद्यालयाचे नाव असते, आणि बाजूच्या बाकावर त्याचा टॉवेल घेऊन बसलेला एकटा मित्र.